कुंकवाचा रंग

माय, लातुरात टँकरच्या रांगेत एका पोरीनं वर पाहिलं, बुबुळाच्या वर पांढरं दिसलं, अन् तिथंच माझं सगळं फिरलं. तुझेच डोळे. लातूरचा जिल्हा झाला, कचेऱ्यांना रंग लागले, नळ मात्र कोरडेच. ती घागर टेकवून हसत होती, "साऱ्या गावाचं पाणी माझ्याच डोळ्यांत आलंय की रे. असा काय बघून राहिलास, भूत दिसल्यावानी?" भूतच दिसलं होतं. सुट्टीत लातूरला आलो होतो, नांदेडच्या कॉलेजात मी परत गेलोच नाही. गल्लीतल्या एकानं तिला घुबड म्हटलं, त्याचं तोंड फोडलं.

लोह्याकडच्या आपल्या गावात तुला बारशाचं बोलावणं बंद झालं होतं. हिची नजर लागते, म्हणायचे. दुपारी तू निजायचीस तरी पापण्या मिटायच्या नाहीत. मी दारातून बघायचो, जागी आहेस की नाही कळायचं नाही. एकदा कुंकू बोटावर घेऊन तू म्हणालीस, "हे मातीगत का दिसायलंय रं?" पुढं भिंत चाचपत चालायला लागलीस. तापात गेलीस तेव्हा बायांनी पापण्या दाबून पाहिल्या. झाकल्या नाहीत. तशीच नेली तुला.

तिच्याही घरी मीठमोहऱ्या ओवाळणं चाललेलं. भांडून तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. तिचा किराणावाला बाप धुसफुसत मागं आला. डॉक्टरांनी आधी गळा चाचपला. मूळ इथं, थायरॉईडच्या ग्रंथीत आहे, म्हणाले. मग औषधाच्या बाटलीचं लाल टोपण धरलं अन् एकेक डोळा झाकायला सांगितला. "ह्यानं लाल," ती म्हणाली. "ह्यानं... विटकरी." डॉक्टरांनी टोपण खाली ठेवलं, म्हणाले, डोळ्यामागं सूज आहे, नस दाबली जातेय, उशीर केला तर दिसायचं बंद होईल. गोळ्या आजच सुरू करा, निजताना पापण्यांना पट्टी लावा, अन् हैदराबादला मोठ्या डॉक्टरांकडं न्या, शस्त्रक्रियाही लागेल.

बाहेर आल्यावर बाप म्हणाला, "ऑपरेशन झालेल्या पोरीला कोण करून घेईल?"

"मी!" ओरडलोच.

"तू? कॉलेज सोडलेला?"

मग त्याला तुझं कुंकू सांगितलं. भिंत सांगितली. त्यानं लेकीचा हात धरला अन् विचारलं, "हैदराबादची गाडी कवा हाय?"

तीच गाडी आता गाठायचीय. ती दोघं पुढं बसतील, मी मागं. हा कागद तुझ्या कुंकवाच्या करंड्याखाली ठेवतो, पाठवणार कुठं? तिच्यासाठी चाललोय, असं सगळ्यांना सांगितलं. तुला खरं सांगतो, माय: मला एकदा ते डोळे मिटलेले बघायचेत. भिंतीवरच्या फोटोतून तू अजून बघूनच राहिलीस. पिशवी उचलतो, बाहेर पडतो, दार ओढून घेतो.