ट्रेलरमधलं घड्याळ

मोंटाना, ९ मे

प्रिय आई,

आम्ही दोघं ठणठणीत आहोत. पण आधी खुर्चीत बस, मग वाच.

जूनमध्ये दोन आठवडे तुझ्याकडे यायचं, तर आमचा राहायचा ट्रेलर ओढायला दणकट ट्रक हवा, म्हणून काल वेंडेलबरोबर गेले. विक्रेता म्हणाला, "बाई, भरलेला ट्रेलर आधी वजनकाट्यावर घाला, मग ट्रक निवडू." घातला. आम्ही धरलं होतं त्यापेक्षा तब्बल बाराशे पौंड जास्त!

मला वाटलं काटाच बिघडलाय. ट्रेलरमधल्या पलंगाखालची फळी उचलली, तर काय! वेंडेलची ऐरण, अवजारांच्या पेट्या, आमचे हिवाळी कोट, दुरुस्तीला दिलंय म्हणाला होता ते भिंतीवरचं घड्याळसुद्धा!

"वेंडेल, हे काय?"

"मोठाच ट्रक घेऊ, लोरेटा. नेब्रास्काहून, तुझ्या आईकडून, परत यायचंच नाहीये. आई पडल्यापासून फोन ठेवला की रडतेस. मला काय दिसत नाही?"

आई, लग्नापासून ज्याच्याशी तू धड बोलली नाहीस, तो म्हणतो, ट्रेलर कायमचा लावायला गोठ्यामागची जागा तूच दिलीस. मार्चमध्येच!

गुडघा खरंच बरा आहे ना? जिना चढू नकोस.

अजून तोंडाचा आ न मिटलेली,
तुझी लोरेटा