एकशे ऐंशी नॅनोमीटर

३ फेब्रुवारी १९९२, सोमवार

यंत्र आलं. आमच्या अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यातली सगळ्यात महाग वस्तू. विष्णुपंतांनी, म्हणजे लॅबच्या साहेबांनी, नारळ फोडला — पाणी वायरींवर जाता जाता राहिलं. रंगाच्या पाण्यातून लेझर जातो, आतले कण हलतात तसा उजेड लुकलुकतो, त्यावरून त्यांचं माप कळतं. बारीक कण धावपळ करतात, जाडे रेंगाळतात. आमच्या ऑफिससारखंच.

५ फेब्रुवारी

कण हवा एकशे ऐंशी नॅनोमीटरचा. यंत्र म्हणतं, तीन हजार. साहेब पाठीशी उभे. "मीनल, पुन्हा लाव." लावलं. पाच हजार.

७ फेब्रुवारी

माल प्लांटवरच्या चिंतामणीने बनवलेला, त्यामुळे बोलणी त्याला. "माल बारीकच आहे. तुझं मशीन येडंय," म्हणाला. आज डबा खायलाही आला नाही. माल नापास झाला तर त्याला काढणार, असं साहेब बोलून गेलेत.

१२ फेब्रुवारी

प्लांटवरून परस्पर मुंबईला पाठवलेल्या त्याच मालाचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो आले. साबुदाण्यासारखे गोल कण, सगळे बारीक. चिंतामणीने ते अख्ख्या कँटीनला दाखवले, वाढप्यालासुद्धा. मग यंत्राला एवढं मोठं काय दिसतंय?

१३ फेब्रुवारी

साहेब बदलापूरला साखरपुड्याला गेलेले. एकटीने सॅम्पल लावलं — एकशे ब्याऐंशी! दुपारी साहेब आले, वाकून बघायला लागले. पुन्हा लावलं. चार हजार.

थेंबभर सॅम्पल आमच्या साध्या मायक्रोस्कोपखाली धरलं. तपकिरी ढेकळं. चिंतामणीने बघितलं. मग आम्ही दोघांनी साहेबांकडे बघितलं. ते सॅम्पलच्या बीकरवर वाकून नाकात तपकीर भरत होते.

असं एक ढेकूळ हजारो बारीक कणांहून जास्त उजेड फेकतं. यंत्राला तेच दिसणार.

१४ फेब्रुवारी

सांगणार कोण? "तू सांग. तुझ्यावर ओरडणार नाहीत," चिंतामणी म्हणाला. आणि स्वतः गोडाऊनला पळाला.

साहेबांना मायक्रोस्कोपपाशी नेलं. बराच वेळ डोळा लावून होते.

"हे काय?"

"सर, तपकीर."

साहेबांनी चिंतामणीच्या मालावर पासची सही केली आणि केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं. आतून एक शिंक आली.

१७ फेब्रुवारी

विष्णुपंतांनी राजीनामा दिला. म्हणाले, "तपकीर सुटायची नाही, मीनल. नोकरी सुटेल. उद्यापासून लॅब तुझी."