‘थांबा’ नावाचं शिल्प

२ मार्च
बसलं एकदाचं! बोल्ट आवळले, क्रेन गेली, आणि हायवेच्या कडेला माझे तीन वाकवलेले पत्रे एकमेकांना टेकून उभे राहिले. वेल्डर त्यांना ‘तिघी जावा’ म्हणतो, कारण टेकल्यात एकमेकींना, पण तोंडं तीन दिशांना. खरं नाव ‘थांबा’. एवढ्या धावत्या रस्त्यावर निदान नजर तरी क्षणभर थांबावी, म्हणून.

बाबांना फोटो दाखवला. चष्मा कपाळावर चढवून बघितला. “एवढ्या लोखंडात गच्चीचं रेलिंग झालं असतं.” संपलं कौतुक.

५ मार्च
रस्ता खात्याच्या इंजिनिअरनं नावाची पाटी लावली. निळ्यावर पांढरी, हातभर अक्षरं – थांबा! हायवेवर! माझ्या डोळ्यांदेखत एका कारनं करकचून ब्रेक मारला. मागचा ट्रक कसाबसा वाचला. इंजिनिअरचं म्हणणं, नाव तुम्हीच दिलंत, मी फक्त लिहिलं.

६ मार्च
झोप नाही. कानात ब्रेक वाजतायत.

९ मार्च
आज तर कहर. पाटीखाली दोन बायका पिशव्या मांडीवर घेऊन बसची वाट बघत बसलेल्या. बसल्या होत्या कशावर? मधल्या जावेवर! म्हटलं, इथे बस थांबत नाही. “मग लिहिलंय कशाला?” दुसरी म्हणाली, सावली मात्र चांगली आहे हो. हसावं की रडावं!

घरी येऊन इंजिनिअरला फोन केला, आधी ती पाटी काढा. वरून मंजुरी लागेल म्हणे. आणि तोवर कुणी मेलं तर? माझ्या एका शब्दापायी?

१३ मार्च
न राहवून बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पेपरचं पान उलटलं. “थांबले लोक, तर बिघडलं काय?” मी ताडकन उठून आत गेले. यांच्याशी बोलायला जाते हेच माझं चुकतं. हल्ली जेवण झालं की टोपी चढवून सायकलनं वाचनालयात जातात, तेवढीच दुपारची शांतता.

१७ मार्च
पाटी निघाली! जीव भांड्यात पडला. जेवताना बाबांना सांगितलं. घास हातात धरून बसले. “मग आता कोण थांबणार तिथं?” कुणी थांबूच नये, त्यासाठी तर आटापिटा केला!

२० मार्च
पुन्हा जीव टांगणीला. इंजिनिअरचा फोन. पाटी काढल्यापासून कुणी म्हातारा रोज दुपारी शिल्पापाशी उभा राहतो आणि हात करून गाड्या थांबवतो. बसवाल्यांनी तक्रार केलीय. हे असंच चाललं तर शिल्प उचलून गोदामात टाकावं लागेल म्हणाला.

एवढी मेहनत गोदामात! पण तेही राहू दे, तो म्हातारा एखाद्या गाडीखाली आला तर मी कुणाला तोंड दाखवू? याच्या घरच्यांचं लक्ष असतं कुठे? एवढं वय झालेल्या माणसाला भर दुपारी हायवेवर सोडतात! उद्या स्वतः जाऊन समजावते त्याला.

२१ मार्च
माझी स्कूटर गॅरेजमध्ये, म्हणून वेल्डरची मोटरसायकल घेऊन गेले. वर केलेला हात लांबूनच दिसला. गाडी कडेला घेतली. हेल्मेटची काच खाली होती, त्यांनी ओळखलं नाही मला.

“थांबा जरा,” बाबा म्हणाले. “दोन मिनिटं बघून जा. माझ्या मुलीनं केलंय.”

बघितलं. हेल्मेट काढलं नाही.