सव्वा सेकंदात बसणारा शब्द

३ मार्च, सोमवार
नवी मालिका हाती आली. परदेशी आहे, एका एस्कॉर्ट एजन्सीवर. सबटायटल्स मी करायची. मॅडमनी (वयाने माझ्या निम्म्या, हुद्द्याने वर) बजावलंय की या मुलींकडे पैसे देऊन येणाऱ्या पुरुषांसाठी मूळ भाषेत एक बोलीतला शब्द आहे आणि तो सारखा येतो. त्याला आपल्याकडचा तसाच झणझणीत शब्द हवा. ओळ पडद्यावर सव्वा सेकंद राहते, तेव्हा आखूड हवा.
म्हटलं, उद्या देतो. भाषेवर आपली पकड आहे. एका शब्दाला कितीसा वेळ लागणार?

५ मार्च, बुधवार
लागतोय.
'ग्राहक' : विजेच्या बिलावरचा. 'गिऱ्हाईक' : वाण्याकडे साबणाची वडी मागणारा. 'रंगेल' : अत्तर लावलेला, मिशा पिळणारा, बहुधा वारलेला. 'आंबटशौकीन' : ओळीत मावत नाही. 'लाभार्थी' लिहून पाहिला, स्वतःच हसलो, खोडला.
खरी अडचण अशी की मला या जगाचा अनुभव नाही. दर गुरुवारी मी जिच्याकडे जातो ते प्रकरण वेगळं. तिथे मी मदत म्हणून टेबलावर पाकीट ठेवतो. तीही ते मोजत नाही. निदान माझ्यासमोर.

६ मार्च, गुरुवार
गेलो. मोरीतला नळ गळत होता, वायसर बदलून दिला. खिडकीचा पडदा एका बाजूने लोंबत होता, तो सरळ केला. पण मुख्य गोष्ट ही नव्हे. मी पोचलो तेव्हा ती कुणा मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. दार उघडता उघडता म्हणाली, "नवरदेव आले गं, ठेवते."
नवरदेव!
उतरताना दोन-दोन पायऱ्या एकदम उतरलो. गुडघा दुखतोय. दुखू दे.

९ मार्च, रविवार
ताईकडे जेवायला. बायको सोडून गेल्यापासून ताई माझं कुठेतरी जुळवायच्या मागे आहे. या खेपेला तिच्या वरच्या मजल्यावरची चित्रकलेची शिक्षिका. विधवा आहे, मोकळं हसते, आणि माझा फोटो पाहून "डोळे बरे आहेत" म्हणाली म्हणे. पुढच्या रविवारी भेटायला तयार आहे.
मी सांगून टाकलं की माझ्या आयुष्यात कुणीतरी आहे. ताईचे डोळे भरून आले. म्हणाली, मग शिक्षिकेला नकार कळवते, तू तिलाच घेऊन ये. मी म्हटलं, आणतो.
शिक्षिकेचं वाईट वाटलं. सावरेल हळूहळू.

११ मार्च, मंगळवार
फाईल परत. मी 'अतिथी' वापरला होता. मॅडमचं म्हणणं, वाचताना हॉटेलात चेक-इन चालल्यासारखं वाटतं. वर म्हणाल्या, तुम्ही या माणसांना जरा जास्तच सभ्य करताय. शुक्रवारपर्यंत खराखुरा शब्द द्या, नाहीतर काम दुसऱ्याला देते.
ठरलं. जाणकाराला विचारायचं. यात कमीपणा नाही. संशोधन म्हणतात याला.

१३ मार्च, गुरुवार
तिला विचारलं. निव्वळ कामासाठी. ती एकदम खुलली, पलंगावर मांडी घालून बसली. म्हणाली, एकच शब्द कसा असेल, माणूस बघून नाव. तोंड बंद होत नाही तो 'रेडिओ'. घासाघीस करतो तो 'मंडई'. रडतो तो 'पाणीपुरवठा'. बायकोचा फोन आला की बाथरूममध्ये पळतो तो 'उंदीर'.
मी हसत हसत लिहून घेत होतो. मग म्हणाली, आणि आपण पैसे देतच नाही असं ज्याला वाटतं, तो 'नवरदेव'. जेवलीस का विचारतो, पडदे सरळ करतो, नळ दुरुस्त करतो. त्रास काही नसतो त्यांचा, फक्त वेळ संपली तरी लवकर उठत नाहीत.
मी विचारलं, त्यांच्यातला एखादा कधी खरंच...?
म्हणाली, "हे पण सगळेच विचारतात." आणि माझ्या हातावर हात ठेवला.
तो हात वेगळा होता. वर्गीकरण म्हटलं की ते ढोबळ असणारच. मला राग आलेला नाही.

१४ मार्च, शुक्रवार
'नवरदेव' पाठवला. मॅडम खूश. कुठून मिळाला म्हणाल्या. म्हटलं, वाचनातून.

१५ मार्च, शनिवार
तिला फोन केला. ताईकडे जेवायला येशील का? लगेच हो म्हणाली! फक्त बाहेर यायचा हिशेब वेगळा असतो म्हणाली, आणि ताईंना माझी ओळख काय करून द्यायची ते आधी ठरवा. ऑफिसातली म्हणा, पुतणी म्हणा, दोन्ही येतं मला.
थोडा विचार केला. मग ताईला कळवलं, तिला ताप आलाय.

१६ मार्च, रविवार
एकटाच गेलो. ताईने तिच्यासाठी डबाभर सूप दिलं. गरम करूनच दे म्हणाली, औषधाच्या वेळा पाळ.
निघताना जिन्यात शिक्षिका भेटली. बोटांना निळा रंग लागलेला. तिने आपणहून विचारलं, आता कसं आहे त्यांना? म्हटलं, उतार आहे. "बरं झालं बाई," म्हणाली, आणि तिला खरोखरच बरं वाटलेलं दिसलं. खूप वेळ ते डोळ्यांसमोरून जाईना.
सूप घरी येऊन मीच प्यायलो. चांगलं होतं.

१८ मार्च, मंगळवार
पाचव्या भागात एक लग्न निघालं. पडद्यावर खरा नवरदेव आणि हे बाकीचे नवरदेव एकाच खोलीत. कोण कोणाचा, काही कळेना. मॅडमनी सगळीकडे 'ग्राहक' टाकून फाईल बंद केली. उरलेले भाग दुसऱ्याकडे गेले.
सुटलो. तशीही मालिका भिकार होती.

१९ मार्च, बुधवार
ताईला फोन. सहज विचारलं की ती शिक्षिका अजून... म्हणजे, तिचं कुठे ठरलं का? ताई मग जी सुटली! घरात एक तापाने फणफणतेय आणि तू दुसरीची चौकशी करतोस? बायको का गेली ते आज कळलं मला. आपटलाच फोन.
उलगडून सांगायचं म्हटलं तर तापापासून मागे जावं लागेल. राहू दे. शांत झाली की बोलू.

२० मार्च, गुरुवार
लवकर पोचलो. या आठवड्यात बोलण्यासारखं बरंच साचलं होतं. दार बंद होतं म्हणून जिन्यातच उभा राहिलो. जरा वेळाने एक गृहस्थ बाहेर आला. माझ्याच वयाचा, शर्टाला कडक इस्त्री, हातात रिकामी पिशवी. मला पाहून थबकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आज ती दमलीय हो. फार बोलू नका तिच्याशी."
कोण हा? इतक्या हक्काने सांगणारा?
आत गेलो. दमली होती. फार बोललो नाही.