कडी कोणी काढली

दिनांक ९, मंगळवार, सकाळ

तीर्थस्वरूप आक्कास धाकट्याचा नमस्कार. माझी प्रकृती उत्तम आहे, असे या घरातील सर्व जण सांगतात; म्हणून तेच कळवितो.

तू पुढच्या आठवड्यात येणार असल्याचे पत्र मिळाले. त्यात 'जखमेला जप' असे लिहिले आहेस. मी तर तुला पोटाची किरकोळ तक्रार एवढेच कळविले होते. जखमेचे कोणी सांगितले? घरातील फितुराचे नाव कळव.

तूर्त येऊ नकोस. घराला रंग द्यावयाचा आहे. जिनाही तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाही.

इकडे लक्षणे ठीक नाहीत. मी स्वयंपाकघरात शिरलो की बोलणे थांबते. मी बसलो की खिडकी उघडली जाते. चिरंजीव म्हणतात, "उकडतंय, बाबा." अंगात स्वेटर घालून उकडते काय? त्यातच न्हाणीघराच्या दाराची आतली कडी नाहीशी झाली. सुतारकामात माझा जन्म गेला; ती कडी मीच बसविली होती. स्क्रू सावकाश फिरवून काढले होते, म्हणजे चोर घरचाच. सौभाग्यवतींस विचारले, तर म्हणाल्या, "कडीला पाय फुटले असतील."

मीही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. लाकडाची पाचर तासली आणि आत गेलो की ती दाराखाली ठोकू लागलो.

इथवर मंगळवारी सकाळी लिहून ठेवले होते; आज गुरुवार. पुढचे वाचून झाल्यावर पत्र फाडून टाक. डॉक्टरांनी आतड्यातील कर्करोगाची गाठ कापली, आतड्याचे तोंड पोटावर काढले आणि तिथे पिशवी चिकटविली. मळ तिच्यात जमतो. काही महिन्यांनी आतडे पुन्हा जोडू म्हणतात. त्यांच्या हसण्यावर माझा भरवसा नाही. परवा, वरचे लिहिल्यावर दुपारी, न्हाणीघरात ती पिशवी सुटली. कपडे, फरशी, सर्व भरले. मला घेरी आली. बाहेरून सूनबाई दार ढकलू लागली. ती जितके ढकले, तितकी पाचर घट्ट बसे. काम पक्के होते माझे.

"बाबा, काही बोला तरी."

"ढकलू नकोस. पाचर आहे."

"मग तुम्हीच काढा ती. मी इथंच उभी आहे."

काढली. रांगत जाऊन काढली, आक्का.

तिने मला धुतले, पुसले, नवी पिशवी लावली. नाक मुरडले नाही. याचाच मला संशय आला. विचारले, "कडी तूच काढलीस?"

"हो. आत पडलात तर दार तोडत बसू का? आणि आत्यांनाही मीच कळवलं. तुम्ही दुसऱ्या कुणाचं ऐकता?"

"आणि खिडकी?"

"वास येतो म्हणून. खोटं कशाला बोलू?"

दुखणे सुरू झाल्यापासून या घरात प्रथमच कोणी मला खरे सांगितले. तिच्यावर थोडा विश्वास टाकून पाहत आहे. किती टिकतो ते बघू.

तेव्हा ये. डॉक्टरांनी तिला याहून अधिक काही सांगितले असेल आणि ते तुला ठाऊक असेल, तर माझ्यापासून लपवू नकोस. आई गेल्यावर तूच मला न्हाऊ-माखू घातलेस, तरी तुझ्यापुढे सदरा वर करणे मला जड जाणार आहे. आल्यावर आधी माझ्या तोंडाकडे बघ. रडू नकोस. पोट मी सांगेन तेव्हा बघ.

कापून उरला तेवढा तुझाच,
धाकटा