पहिल्या दुधाची फी

३ नोव्हेंबर २०२५
लागली पाटी! ‘स्तनपान सल्ला केंद्र – सिस्टर शुभांगी.’ खाली ठळक – ‘फी आधी’. घरमालक म्हणाला, “बाई, जरा सभ्य शब्द नोता काय?” म्हटलं, याहून सभ्य मला ठाऊक नाही. कारंजा गावात अशी पाटी आजवर कुणी लावली नसेल!

४ नोव्हेंबर
सासूबाई धुमसताहेत. “दूध पाजायची कायची फी वं? लोकं तोंडात शेण घालतीन!” घालू देत. मालिशवालीला लुगडं देतात, वर जेवू घालतात – तेव्हा नाही कुणी शेण घालत!

दहा वर्षं नर्स होते. बाळंतीण रडली की डॉक्टर म्हणायचे, पावडरचा डबा लिहून दे अन् मोकळी हो. नाही लिहिला. नोकरी सोडली. नवऱ्याने, गजेंद्रने, महिनाभराची मुदत दिलीय – नाही चाललं तर परत दवाखान्यात. बघूच!

९ नोव्हेंबर
कुणी नाही.

१२ नोव्हेंबर
तिघी आल्या. एकेकीजवळ तास-तास बसले – बाळ कसं धरायचं, तोंडात कसं द्यायचं. फी? “ताई, मळ्यातले वांगे घ्या.” दोन पिशव्या वांगी! खोलीचं भाडं वांग्यांनी भागत नाही. चूक माझीच. पाटीवर लिहिलं, तोंडाने मागितलंच नाही.

१३ नोव्हेंबर
मागितली! बांगड्यांच्या दुकानवाल्या अमीनाबी सुनेला, नमराला घेऊन आल्या. तिच्या छातीत गाठी, अंगात ताप, बाळ उपाशी. आधी फी सांगितली. अमीनाबींनी बटवा उघडला. “डॉक्टरले देतो, मंग तुले काहून नाही?” मला रडूच आलं. बाळ दोन्हीकडे पोटभर प्यायलं.

घरी सासूबाईंनी विचारलं, “देल्ले?” म्हटलं, दिले. त्यांनी पाठ फिरवली.

२१ नोव्हेंबर
राधिकाने जेवताना विचारलं, “आई, मी पण तुझंच दूध प्यायले ना?” सासूबाईंचा घास हातातच राहिला. मी हो म्हटलं. खोटं! नऊ वर्षं झाली, त्या गोष्टीवर सासूबाई अन् मी कधी बोललो नाही. राग मात्र अजून ताजा आहे.

२९ नोव्हेंबर
आठवड्यात पाच जणी. अजून कमीच. गजेंद्र दिवस मोजतोय. मोजू दे. मी हलणार नाही!

२ डिसेंबर
सासूबाई पहिल्यांदाच खोलीवर आल्या, जेवणाचा डबा घेऊन. आत रत्नमाला, नववा महिना. तिची सासू सांगत होती, “पयलं पिवळं दूध आमी सांडून देतो.”

सासूबाई दारातूनच म्हणाल्या, “मीबी सांडलं व्हतं. हिचं. मंग आलंच नाही, नात पावडरच्या डब्यावर वाढली. तू नोको सांडू, बाई.” खाली बसल्या. “आन् फी आधी ठेव. पाटीवर लिवलं हाय.”