चार नंबरची हजेरी

मंगळवार, २० सप्टेंबर १९९४

चला, लागलो एकदाचा नोकरीला! जूनपासून घरी बसून जयाची बोलणी खात होतो, ते संपलं. जया म्हणत होती की पितृपक्षाच्या पहिल्याच दिवशी कोण नोकरी धरतं, पंधरा दिवस थांब. मी म्हटलं, अगं, डिसेंबरात बाळ येणार, ते काय मुहूर्त बघून दूध मागणार आहे?

ऑफिस वागळे इस्टेटमध्ये, वरच्या मजल्यावरचा गाळा. खाली लेथचा कारखाना, त्यामुळे टेबल दिवसभर बारीक थरथरत असतं. मालक परशुराम सामंत, नौपाड्यातले, पन्नाशीचे, अगदी मृदू बोलतात. परवा मुलाखतीत त्यांनी माझी सर्टिफिकेटं उघडलीसुद्धा नाहीत. घरी कोण कोण असतं एवढंच विचारलं. डोंबिवलीला भाड्याची खोली, बायकोला सातवा लागलाय, असं सांगितल्यावर इतके खूश झाले की मलाच लाजल्यासारखं झालं. म्हणाले, वा, घर असलेला माणूसच हवा होता.

कॉलेजच्या रेकॉर्डसाठी एक मशीन तयार करायचंय. दसऱ्याला ते हार घालून टेम्पोत चढलं की मी कायम. नाही चढलं तर रस्ता मोकळा. इथे प्रत्येकाने रोजच्या कामाची रोजनिशी लिहायची असा साहेबांचा नियम आहे. ही वही त्यांनीच दिली. सुरुवातीची वीसएक पानं ब्लेडने कापलेली आहेत, पण कागद झकास आहे. माझ्यासारख्या बडबड्याला वही म्हणजे दुधात साखर. ऑफिसचं थोडं, माझं जास्त लिहीन.

बुधवार, २१ सप्टेंबर

सासऱ्यांना अजून वाटतंय की जावई ड्रायव्हर झाला म्हणजे टेम्पो चालवणार. काल जयासमोर हातवारे करून समजावलं, तेच इथे लिहितो. मशीनमध्ये एक कार्ड बसतं, त्याला अडॅप्टर म्हणतात. त्याच्यातून पन्नास तारांची चपटी केबल निघते. तिच्यावर डिस्क, टेप असे सात जण बसू शकतात, शून्यापासून सहापर्यंत नंबर. मशीन सुरू झालं की माझा ड्रायव्हर, म्हणजे मी लिहायचा तो प्रोग्राम, शाळेतल्या मास्तरांसारखी हजेरी घेतो. शून्य आहेस का? एक आहेस का? जो असेल तो उत्तर देतो. नसेल तिथे क्षणभर थांबून पुढे जायचं.

आपल्याकडे शून्यावर डिस्क, दोनवर टेप. बाकी कुणी नाही. तरी चार नंबर उत्तर देतो. आहे म्हणतो, पण तयार नाही म्हणतो. मग बिचारा ड्रायव्हर त्याची वाट बघत बसतो आणि मशीन तिथेच अडकतं. आधीच्या माणसाची हीच अडचण होती म्हणे. विठ्ठल पेडणेकर त्याचं नाव. सोडून गेला का विचारलं तर साहेब हो म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

केबलच्या शेवटी एक बूच लावावं लागतं, नाहीतर गेलेली हाक आदळून परत येते. तेच ढिलं असणार. उद्या बदलतो. दोन दिवसांचं काम आहे हो!

शुक्रवार, २३ सप्टेंबर

दोन दिवसांचं काम म्हणे! बूच बदललं, केबल बदलली, कार्ड दुसऱ्या खाचेत घातलं. प्रत्येक बदलानंतर सगळी सिस्टिम नव्याने जोडायला वीस मिनिटं, मग मशीन बंद, मग चालू, मग पुन्हा तेच. चार: आहे, तयार नाही. शेवटी चार नंबरला विचारूच नकोस असं प्रोग्रामात लिहिलं. तर पठ्ठ्या पाच नंबरवरून बोलला! हसावं की रडावं कळेना.

दुपारी चिडून केबलच उपटून हातात घेतली आणि मशीन चालू केलं. शून्य गप्प. दोन गप्प. चार: आहे, तयार नाही.

केबल माझ्या हातात होती. कार्डच सडकं असणार, दुसरं काय.

शनिवार, २४ सप्टेंबर

आज आवडाबाईने सांगितलं. आवडाबाई इथे झाडलोट करते, चहा करते. चेंदणी कोळीवाड्यातली, साठीची, तोंडाने फटकळ. माझ्या टेबलावर रोज दोन कप का ठेवते विचारलं, तर ती खुर्चीकडे बघत राहिली.

विठ्ठल सोडून गेला नाही. मेला. याच खुर्चीत, जुलैमध्ये, भर दुपारी तीनला. कपाळावर हात टेकून बसला होता, सगळ्यांना वाटलं विचार करतोय. तिने चहा ठेवला. तासाभराने तो गार झाला म्हणून दुसरा ठेवला. पाच वाजता साहेबांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं. दोन तास, बापरे! आठ माणसांच्या मधोमध. सरळ, कामसू पोरगा होता म्हणाली, चहा पेन्सिलीने ढवळायचा. नवीन लग्न झालं होतं. रोज म्हणायचा की उद्या दिवेलागणीला घरी जाणार, आणि रोज साहेब बसवून ठेवायचे. एकही दिवस वेळेत घरी गेला नाही.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. आईने बायकोला सांभाळीन म्हटलं, भावाने वर्षश्राद्ध करीन म्हटलं. ‘‘कावला बसलेला, पन शिवला नाय.’’ मग साहेब पुढे झाले, वाकून काहीतरी पुटपुटले, आणि कावळा लगेच शिवला. काय पुटपुटले ते कुणाला ऐकू आलं नाही.

मी म्हटलं, आवडामावशी, तो वरचा कप आता मीच पीत जाईन. ती हसली नाही.

बुधवार, २८ सप्टेंबर

सुरतेच्या प्लेगची हवा इथवर आली. सगळे तोंडाला रुमाल बांधून फिरतात, कोण कोण ते ओळखू येत नाही. नवं कार्ड आलं. तेच. डोक्याचा नुसता भुगा झालाय. साहेबांनी आज गोड आवाजात दसऱ्याची आठवण करून दिली. जयाने डोहाळजेवणाची तारीख काढलीय आणि मला अजून पगाराचा भरवसा नाही. रोज घरी जायला नऊ वाजतात. ती झोपाळलेली असते, मी ताटाखाली झाकलेलं जेवतो. लाज वाटते.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

घोडं गंगेत न्हालं! पण नीट लिहितो.

आज सर्वपित्री. आवडाबाईने खिडकीबाहेरच्या छज्ज्यावर पान ठेवलं, भात, वडा, तिच्या गेलेल्या माणसांसाठी. एक कावळा समोर बसून नुसता बघत होता. तीन वाजायला आलेले. मी सकाळपासून अकराव्यांदा मशीन चालू केलं. चार: आहे, तयार नाही. आवडाबाई म्हणाली, ‘‘पोरा, त्याला काय हवं ते बोल, नि मोकला कर त्याला.’’ वैतागलो होतो. स्क्रीनला कोपरापासून हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, घे बाबा विठ्ठला, माझं जे काही आहे त्यातलं हवं ते घे, पण एकदाचा हो तयार!

चार: तयार.

आणि मशीन सुरळीत पुढे गेलं. मी नाचलो. साहेबांना हाक मारली. वळून बघतो तर छज्ज्यावर कावळा वडा खात होता. बोलाफुलाला गाठ, दुसरं काय. पण आवडाबाई पदर तोंडाशी धरून उभी. म्हणाली, असं मोघम कुणी बोलतं का रे? एक गोष्ट बोलायची. साडी देईन, पोराला शिकवीन. हवं ते घे, असं त्यांना कुणी सांगत नाही.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

चार नंबर हजेरीतून गेला. शून्य आणि दोनच उत्तर देतात. कागदपत्रं करायची होती म्हणून आजही उशीर झाला. घरी गेलो तर जया म्हणाली, पान मिळालं का? मी म्हटलं कसलं पान? म्हणे, सहाला आलास, देवाजवळ दिवा लावलास, दोन भाकऱ्या खाल्ल्यास, आणि पान आणतो म्हणून खाली गेलास ना आत्ताच?

मी चेष्टेवारी नेलं. ताटं धुऊन पालथी घातलेली होती. दोन.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

आजही. जया किती खुशीत होती! म्हणाली, किती दिवसांनी असा निवांत बसलास. त्याने तिचे पाय चेपून दिले. माझ्या निळ्या सदऱ्याचं तुटलेलं बटण तिने लावून दिलं, तेही संध्याकाळी, माझ्या अंगावरच. मी तेव्हा इथे ऑफिसात होतो. निळा सदरा आज मी घातलाच नव्हता.

आणि जयाने हसून विचारलं, चहा पेन्सिलीने ढवळायची सवय कधी लागली रे तुला?

शनिवार, ८ ऑक्टोबर

पाचला निघालो. काहीही झालं तरी त्याच्या आधी पोचायचं. रिक्षावाले थांबेनात, हात करतोय, समोर बघून निघून जातात. पोचलो तर खिडकीत उजेड. दाराबाहेर माझ्या चपला. आतून मी बोलत होतो, बाळाचं नाव काय ठेवायचं ते.

कडी वाजवली. जयाने दार उघडलं. जया, अगं मी, म्हटलं. तिने माझ्यातून पलीकडे जिन्याकडे बघितलं, कुणी नाही म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

मी माझ्याच दारात उभा राहून लहान पोरासारखा रडलो.

सोमवार, १० ऑक्टोबर

कसा आलो माहीत नाही. सकाळ झाली आणि मी खुर्चीत होतो. मस्टरवर माझी सही आधीच झालेली. साहेब माझ्या खांद्यावरून हात घालून फाइल घेऊन गेले. त्यांचा हात लागला नाही.

आवडाबाईने चहा ठेवला. दोन कप. तिने खुर्चीकडे बघितलं, खूप वेळ, आणि म्हणाली, तू पन?

बुधवार, १२ ऑक्टोबर

उठता येत नाही. ओरडून झालं. पेन मात्र धरता येतं — वहीपुरतंच. आज डोहाळजेवण होतं. हिरवी साडी नेसली असेल. मी —

मशीन चालू केलं कुणीतरी. शून्य आहेस का, हे मला ऐकू येतं. आत, छातीत. एक. दोन. तीन. मग माझी पाळी येते आणि —

गुरुवार, १३ ऑक्टोबर

दात आवळून बसलो. बोलायचं नाही. नाहीच बोलायचं.

बोललो.

दसरा

झेंडूची तोरणं. मशीनवर हळदकुंकू. खाली टेम्पो उभा. जया आलीय — हिरवी साडी — आणि तिच्या शेजारी तो, निळा सदरा, माझं तोंड. हात हातात. जया, इकडे बघ ना गं. खुर्चीकडे बघ. एकदाच.

साहेबांनी बटण दाबलं. शून्य. एक. दोन. तीन. मी जीभ चावली तरी —

चार: आहे, तयार नाही.

सगळे थांबले. मशीन अडलं. साहेब घामाघूम. आवडाबाईने पेढा उचलून छज्ज्यावर ठेवला. कावळा आला. बसला. तिने खुर्चीकडे बघून विचारलं, बाळाला बघायचंय? आणीन इथं. कावळा हलला नाही. जयाला सांगू? हलला नाही. मला घरी जायचंय गं, घरी, एवढंच —

मग तो निळ्या सदऱ्यातला आला. माझ्या कानाशी वाकला. साहेब दहाव्याला वाकले असतील तसा. म्हणाला, रागावू नकोस. तुझ्या खुर्चीवर नवीन माणूस बसवतो. घर असलेला.

शेजारीच उभी आवडाबाई ते ऐकून किंचाळली, हेच! हेच बोलले असणार साहेब!

नको. मला नकोय तसं. कुणाची तरी बायको, कुणाचं तरी — नको रे, देवाशपथ नको — मी ओरडतोय नको म्हणून, आणि कावळा उडी मारून पुढे — मान वाकडी करून माझ्याकडे बघतोय — त्याला खरं कळतं — दिवेलागणी, ताट, हिरवी साडी — जया, मी नाही म्हणतोय गं, मी नाही म्हणतोय, पण आत, आत मला ते ह